पैसा न्यूयॉर्कचा, निर्णय डब्लिनचा

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, पॅट्रिक पिअर्स यांनी डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयाबाहेर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावाला तोंड फुटले. देशाबाहेर फेकल्या गेलेल्या अमेरिकेतील लेकरांचा आणि युरोपातील शूर मित्रांचा आपल्याला पाठिंबा आहे, पण पहिली मदार स्वतःच्याच बळावर आहे, अशा आशयाचे वाक्य त्याच्या सुरुवातीलाच येते. परमुलखातील आपल्या माणसांचे ऋण जन्माच्या वेळीच इतक्या उघडपणे मान्य करणारे दुसरे राष्ट्र मला तरी ठाऊक नाही. परदेशी स्थायिक झालेल्यांनी मायदेशाच्या राजकारणात किती लक्ष घालावे, असा वाद आपल्याकडे निघाला की म्हणूनच मला आयर्लंड आठवते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बाहेरच्या आयरिशांवाचून हा लढा इतका दीर्घकाळ तगला नसता. मात्र त्यांची मदत घरच्या माणसांच्या संघटनेच्या हाती पडली तेव्हा ती फळाला आली, आणि बाहेरच्यांनी स्वतःच लढाई आखून स्वतःच लढायला घेतली तेव्हा बहुतेक वेळा तिचा विचका झाला. या मताला अडचणीत आणणारा सर्वांत मोठा पुरावा खुद्द १९१६ चा उठाव आहे, आणि त्याच्याकडे मी येणारच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बटाटा आहे. १८४५ मध्ये आयर्लंडच्या शेतांवर जो रोग पडला, त्याला आपले बटाटा-टोमॅटो लावणारे शेतकरी उशिरा येणारा करपा म्हणतात. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या वर होती, आणि त्यांतील फार मोठा गरीब वर्ग जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होता. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जातच होती, आणि खंड थकला म्हणून जमीनदार कुळांची घरे पाडतच होते. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या धक्क्यांवर जी माणसे उतरली, ती ही दृश्ये डोळ्यांत घेऊन उतरली. करपा हा निसर्गाचा कोप असेल, पण दुष्काळ इंग्रजांनी केला, अशी त्यांची खात्री होती. इतिहासकार या विधानाला कितीही पुरवण्या जोडोत, वर्गणी गोळा होते ती खात्रीवर. पोटासाठी हौसेने बाहेर पडलेला माणूस आणि घरातून हुसकावलेला माणूस यांच्या देशप्रेमाची जात वेगळी असते.

१८५८ मध्ये डब्लिनमध्ये जेम्स स्टीफन्स यांनी एक गुप्त संघटना काढली, जी पुढे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड म्हणून ओळखली गेली. जवळपास त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन ओ'माहोनी यांनी तिचे भावंड म्हणून फेनियन ब्रदरहुड उभे केले. डब्लिनने माणसे जमवायची आणि न्यूयॉर्कने पैसा, शस्त्रे व लष्करी अनुभव पुरवायचा, अशी ती वाटणी होती. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर युद्धात तावून सुलाखून निघालेले हजारो आयरिश सैनिक मोकळे झाले आणि त्यांच्यातील एका गटाला भलतीच कल्पना सुचली: आयर्लंडपर्यंत जाता येत नसेल, तर शेजारचा ब्रिटिश कॅनडा काबीज करावा आणि त्याच्या बदल्यात आयर्लंड मागावे. १ जून १८६६ रोजी जॉन ओ'नील यांच्या नेतृत्वाखाली आठशे-हजार माणसे नायगारा नदी ओलांडून कॅनडात शिरली आणि दुसऱ्या दिवशी रिजवे येथे त्यांनी कॅनडाच्या हौशी पलटणींचा पराभवही केला. मग अमेरिकन सरकारने मागची रसद तोडली आणि सारे परत फिरले. आयर्लंडला यातून काडीचाही लाभ झाला नाही. उलट, या स्वाऱ्यांच्या धास्तीने तिकडच्या वसाहती एकत्र यायला हातभार लागला आणि १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य उभे राहिले. आयरिश देशभक्तांनी राष्ट्र घडवायला मदत केली ती अशी, दुसऱ्याचे!

१८८० च्या दशकातील डायनामाइट मोहिमेबद्दलही फार वेगळे बोलता येणार नाही. हद्दपार क्रांतिकारक ओ'डोनोव्हन रोसा आणि अमेरिकेतील इतर आयरिश गटांनी निधी जमवायचा आणि माणसे पाठवून लंडनची भुयारी रेल्वे, लंडनचा टॉवर, पार्लमेंटची इमारत येथे स्फोट घडवायचे, हा प्रकार १८८१ ते १८८५ चालला. त्यातून इंग्रज जनमत बिथरले आणि आयर्लंडमधील सनदशीर नेत्यांची पंचाईत झाली. स्फोटाचे परिणाम भोगायला रोसा तिथे नव्हते. ते अटलांटिकच्या सुरक्षित काठावर होते. त्यांच्या वैयक्तिक त्यागाविषयी मला शंका नाही, इंग्रजी तुरुंगांत त्यांनी जे सोसले ते भयंकर होते. पण दूरवरून धाडलेल्या शौर्याला हा दोष चिकटतोच.

आता याच्या शेजारी लँड लीग ठेवून पाहा. मायकेल डेव्हिट हा मेयो परगण्यातील एका कुळाचा मुलगा. खंड थकला म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढले, तेव्हा तो चार-पाच वर्षांचा होता. आईवडील पोरांना घेऊन इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या हॅस्लिंग्डन गावी गेले. अकराव्या वर्षी तिथल्या कापूस गिरणीतील यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. म्हणजे तो स्वतःच परदेशस्थ आयरिश. फक्त त्याचा परदेश समुद्राच्या अरुंद पट्टीपलीकडचा होता. शस्त्रे पाठवण्याच्या गुन्ह्यासाठी सात वर्षे तुरुंगात काढून तो १८७८ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे क्लॅन ना गेल या गुप्त संघटनेचे सूत्रधार जॉन डेव्हॉय यांच्याशी त्याची गाठ पडली. त्या भेटींतून असे धोरण पुढे आले की सशस्त्र क्रांतीची वाट पाहत बसण्याऐवजी जमिनीचा प्रश्न हाती घ्यावा आणि ब्रिटिश पार्लमेंटमधील पार्नेल यांच्या आयरिश पक्षालाही बरोबर घ्यावे. ऑक्टोबर १८७९ मध्ये लँड लीग स्थापन झाली, पार्नेल तिचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच जानेवारीत ते वर्गणीसाठी अमेरिकेत पोहोचले. २ फेब्रुवारी १८८० रोजी त्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहापुढे भाषण केले. त्यांची बहीण फॅनी हिने तिकडे स्त्रियांची लँड लीग उभारली, आणि पॅट्रिक फोर्ड यांच्या न्यूयॉर्कच्या पत्राने गावोगावच्या खाणकामगारांकडून, गोदी कामगारांकडून आणि मोलकरणींकडून पैसा गोळा केला.

हा पैसा कुठे गेला, ते मला महत्त्वाचे वाटते. घरातून काढलेल्या कुळांच्या पोटापाण्यासाठी, त्यांच्यासाठी बांधलेल्या लाकडी खोपटांसाठी आणि कोर्टकचेरीच्या खर्चासाठी तो गेला. बाहेर काढले तरी कुटुंब उपाशी मरणार नाही, एवढी हमी मिळाल्यावरच कूळ खंड द्यायला नकार देऊ शकत होते. ज्या कॅप्टन बॉयकॉटच्या नावाने आज जगभर बहिष्कार घातले जातात, तो मेयोमधील जमीनदाराचा कारभारी याच आंदोलनात जेरीस आला. १८८१ चा जमीन कायदा आणि नंतर १९०३ चा कायदा यांच्यामुळे जमीनदारी संपत गेली आणि कुळे मालक झाली. कॅनडावरच्या स्वारीने जे साधले नाही, ते मोलकरणींच्या डॉलरांनी साधले, असे म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

आता १९१६. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सातांपैकी पाच जण कधी ना कधी अमेरिकेत राहून किंवा फिरून आलेले होते. पहिली सही टॉम क्लार्क यांची. डायनामाइट प्रकरणात पंधरा वर्षांचा इंग्रजी तुरुंगवास, मग अमेरिकेत वास्तव्य, तिथले नागरिकत्व, आणि १९०७ मध्ये डब्लिनला परत येऊन थाटलेले तंबाखूचे दुकान, असा त्यांचा प्रवास. त्या दुकानाच्या आडून त्यांनी मरगळलेली गुप्त संघटना पुन्हा उभी केली, डेव्हॉय यांच्याकडून येणाऱ्या पैशावर. जेम्स कॉनोली एडिंबरामध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत सात वर्षे कामगार चळवळ केलेले. उठावाची तारीख डब्लिनहून न्यूयॉर्कला डेव्हॉय यांना कळवली गेली आणि त्यांनी ती जर्मन वकिलातीमार्फत बर्लिनला पोहोचवली.

शिवाय इंग्लंड-स्कॉटलंडची पोरे होतीच. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो इथे वाढलेले नव्वदेक तरुण सक्तीची लष्करभरती चुकवून १९१६ च्या सुरुवातीला डब्लिनला आले आणि शहराबाहेर किमेज येथे प्लंकेट कुटुंबाच्या जागेत राहिले. दिवसभर काडतुसे आणि हातबाँब बनवणे हा त्यांचा उद्योग. उठावाच्या दिवशी जॉर्ज प्लंकेट यांनी पिस्तूल दाखवून ट्राम थांबवली आणि या मंडळींना आत चढवून कंडक्टरकडे शहराच्या मध्यापर्यंतची बावन्न तिकिटे रीतसर मागितली, असे सांगतात. साम्राज्याविरुद्ध बंड करायला निघालेल्या माणसांनी ट्रामचे भाडे बुडवले नाही, हे मला फार आवडते.

तर हा उठाव बाहेरच्यांनी लढलेली लढाई होती का? बऱ्याच अंशी होती. आयरिश जनतेने त्यासाठी कौल दिलेला नव्हता, आणि शरण आलेल्या बंडखोरांना डब्लिनच्या काही रस्त्यांवर लोकांच्या शिव्याही खाव्या लागल्या. मग माझे मत इथे टिकते कसे? मला वाटते, उठाव लष्करी अर्थाने फसलाच, सहा दिवसांत फसला. तो सार्थकी लागला तो नंतर: मे महिन्यात इंग्रजांनी पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या आणि आयरिश जनता हळूहळू त्या मेलेल्यांच्या बाजूला सरकली, तेव्हा. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिन फेन या प्रजासत्ताकवादी पक्षाला मिळालेल्या ७३ जागांनी त्या सहा दिवसांना मागाहून अधिकार बहाल केला. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही; मलाही ते पूर्ण समाधानकारक वाटत नाही.

२१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये पहिली डॉल भरली, म्हणजे आयर्लंडची स्वतःची लोकसभा. आता अमेरिकेला पैसे मागणारे एक निवडून आलेले सरकार होते, आणि त्यामुळे सगळे बदलले. जून १९१९ मध्ये तिचे अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा जहाजात लपून न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांचा जन्मच न्यूयॉर्कचा, आई लिमरिक परगण्यातून तिथे कामाला गेलेली. दीड वर्ष ते अमेरिकाभर फिरले आणि जानेवारी १९२० पासून त्यांनी आयरिश प्रजासत्ताकाच्या नावाने कर्जरोखे विकायला काढले. जगाने मान्यता न दिलेल्या देशाचे रोखे विकणे कायद्याच्या दृष्टीने अवघड, म्हणून ते रोखे नव्हते. रोख्यांची प्रमाणपत्रे होती. देश ब्रिटिश लष्कराच्या ताब्यातून सुटला की खरे रोखे मिळणार आणि पाच टक्के व्याज सुरू होणार! सर्वांत लहान प्रमाणपत्र दहा डॉलरचे. परक्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने हा व्यवहार कोणत्या हिशेबाने केला असेल? व्याज कधी मिळेल याची तारीख नव्हती आणि मुद्दल बुडण्याची शक्यताच जास्त होती. तरीही पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली, आणि तीही मुख्यतः लहान रकमांनी.

पैशाबरोबर भांडणही आले. डेव्हॉय आणि न्यायाधीश डॅनियल कोहॅलन यांना वाटे की अमेरिकेचे राजकारण आपल्याला कळते, पाहुण्याने आपल्या सल्ल्याने चालावे. फेब्रुवारी १९२० मध्ये डी व्हॅलेरांनी एका इंग्रजी पत्राला मुलाखत देताना, अमेरिकेने क्युबाशी जसे नाते ठेवले तसे इंग्लंडने आयर्लंडशी ठेवायला हरकत नाही, असे सुचवले. डेव्हॉय यांनी आपल्या साप्ताहिकातून त्यांच्यावर झोड उठवली. जूनमध्ये शिकागोला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात आयर्लंडच्या नावाने दोन वेगवेगळी शिष्टमंडळे दोन वेगवेगळे ठराव घेऊन गेली आणि पक्षाने दोन्ही बाजूला सारले. अखेर डी व्हॅलेरांनी नोव्हेंबरमध्ये स्वतःची नवी संघटना काढली, तिला थोड्याच काळात लाखो सभासद मिळाले आणि डेव्हॉय-कोहॅलन यांची जुनी संघटना ओस पडली.

या भांडणात मी कोणाच्या बाजूने? डी व्हॅलेरा हटवादी होते, मित्रांना दुखावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि अमेरिकन राजकारण डेव्हॉय-कोहॅलन यांना अधिक कळत होते, हे सगळे मान्य. पण एकाच्या मागे आयरिश मतदार होता आणि दुसऱ्याच्या मागे साठ वर्षांची तपश्चर्या होती. अशा वेळी तपश्चर्येने मतदारापुढे नमते घेतले पाहिजे. डेव्हॉय यांना ते जमले नाही, आणि त्याचे मला आश्चर्यही वाटत नाही.

अमेरिकेबाहेरही बरेच घडत होते. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेहून आयर्लंडकडे निघाले, तेव्हा ब्रिटिश नौदलाने भर समुद्रात त्यांचे जहाज अडवून त्यांना उतरवून घेतले आणि इंग्लंडच्या पेन्झान्स बंदरात सोडले. एका धर्मगुरूला आरमाराने पकडले ही बातमी जगभर गेली. मॅनिक्स यांची अडवणूक आणि कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांचे लंडनच्या तुरुंगातील उपोषण यांच्या निषेधार्थ न्यूयॉर्कच्या गोदीत आयरिश स्त्रियांनी निदर्शने केली आणि गोदी कामगारांनी ब्रिटिश जहाजांचे काम थांबवले. त्यात कृष्णवर्णीय कामगारही सामील झाले. मॅकस्विनी ७४ दिवसांनी, २५ ऑक्टोबरला गेले. डिसेंबरमध्ये ब्रिटिश दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळला, त्यानंतर अमेरिकेतील मदत समितीने घरे, दूधडेऱ्या आणि उपाशी कुटुंबे यांच्यासाठी पुन्हा लाखो डॉलर उभे केले. शस्त्रांचा मार्ग मात्र कायम बेभरवशाचाच राहिला: जून १९२१ मध्ये न्यूयॉर्कसमोरच्या होबोकन बंदरात एका जहाजावर ४९५ थॉम्प्सन बंदुका पकडल्या गेल्या, आणि १९१९ पासून चाललेल्या स्वातंत्र्ययुद्धात पुढच्याच महिन्यात युद्धविराम झाला. महायुद्धात घेतलेल्या अमेरिकन कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या ब्रिटनच्या लॉइड जॉर्ज सरकारला तिथल्या जनमताची जी काळजी होती, ती त्या बंदुकांहून नक्कीच अधिक कामाची ठरली.

याच वर्षांत आपलाही धागा त्यात गुंफलेला आहे. १९०६ मध्ये न्यूयॉर्कला मौलवी बरकतुल्ला यांच्याबरोबर पॅन-आर्यन असोसिएशन काढणारे सॅम्युअल लुकस जोशी हे मराठी ख्रिस्ती, आणि त्या मंडळींना आसरा मिळाला तो डेव्हॉय यांच्या वर्तुळात. तारकनाथ दास यांचे पत्र काही काळ डेव्हॉय यांच्याच छापखान्यातून निघत असे. टिळकांनी होमरूल हे नाव घेतले ते आयर्लंडवरूनच, आणि त्यांची होमरूल लीग बेळगावला स्थापन झाली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, डब्लिन जळत असतानाच. २८ फेब्रुवारी १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या पाठीराख्यांपुढे डी व्हॅलेरांनी भाषण केले, तेव्हा आयर्लंड आणि भारत यांची लढाई एकच असल्याची ग्वाही दिली. पण अमेरिकेतील भारतीयांनी काढलेल्या गदर पक्षाकडे पाहिले की मला रिजवेच आठवते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले, छावण्यांमध्ये बंड पेटवायला गेले, मेरठला बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत लाहोरला फासावर गेले. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते. पण देशात त्या बंडाला धरून ठेवणारी संघटना तयार नव्हती, आणि कॅलिफोर्नियातून ते दिसत नव्हते.

ब्रिटनशी झालेल्या डिसेंबर १९२१ च्या करारानंतर आयर्लंडमध्ये यादवी पेटली आणि अमेरिकेतील आयरिशांची दोन शकले झाली. डेव्हॉय कराराच्या बाजूने, फिलाडेल्फियाचे जो मॅकगॅरिटी कराराला विरोध करणाऱ्या डी व्हॅलेरांच्या बाजूने. रोख्यांची जवळजवळ निम्मी रक्कम न्यूयॉर्कच्या बँकांतच पडून होती, तिच्यावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला, आणि १९२७ मध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांनाही नकार देऊन पैसा रोखेधारकांना परत करा, असा निकाल दिला. मग डी व्हॅलेरांनी रोखेधारकांकडून त्यांचे हक्क आपल्या नावावर करून मागितले आणि त्या भांडवलाच्या आधारे १९३१ मध्ये स्वतःचे दैनिक काढले. देशासाठी दिलेला पैसा शेवटी एका नेत्याच्या वर्तमानपत्रात गेला, हे मला अजूनही खटकते. उरलेली देणी आयरिश सरकारने १९३० च्या दशकात फेडली, हेही नोंदवले पाहिजे.

डेव्हॉय १८७१ मध्ये, तुरुंगातून सुटकेची अट म्हणून, हद्दपार होऊन अमेरिकेला आले होते. त्यांनी लग्न केले नाही, आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढले, उतारवयात ऐकू येईनासे झाले, आणि साप्ताहिक चालवत राहिले. किल्डेअरमध्ये एलायझा केनी ही त्यांची वाग्दत्त वधू वर्षानुवर्षे वाट पाहून अखेर दुसऱ्याशी विवाहबद्ध झाली. १९२४ मध्ये ऐंशी ओलांडलेले डेव्हॉय नव्या राज्याचे पाहुणे म्हणून डब्लिनला आले तेव्हा ती विधवा होती, आणि दोघे भेटले. चार वर्षांनी ते अमेरिकेत वारले आणि त्यांना पुरले मात्र डब्लिनच्या ग्लासनेव्हिनमध्ये. ज्या माणसाशी मी वर इतका वाद घातला, त्याने या लढ्याला काय दिले याचा हिशेब डॉलरांत होणार नाही.

ब्रिटनकडेच राहिलेले उत्तर आयर्लंड पेटल्यावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७० मध्ये मायकेल फ्लॅनरी या जुन्या बंडखोराने न्यूयॉर्कमध्ये नोरेड ही निधिसंस्था काढली, आणि तिचा पैसा बंदुकांकडे वळतो असा आरोप लंडनबरोबर डब्लिनही करत राहिले. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे नेते जॉन ह्यूम यांनी अमेरिकेत जाऊन टेड केनेडी, टिप ओ'नील यांच्यासारख्या नेत्यांना समजावले की हिंसेला पैसा देऊ नका, वॉशिंग्टनचे वजन वापरा. १९७७ च्या सेंट पॅट्रिक दिनाला या नेत्यांनी तसे जाहीर आवाहन केले, आणि उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या शांतता करारापर्यंतच्या वाटेत त्या वजनाचा वाटा मोठा होता. इथेही दिशा दाखवणारा माणूस डेरीचा होता, बोस्टनचा नव्हता.

त्या करारानंतर आयर्लंडने आपल्या घटनेत, परदेशी राहणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांशी राष्ट्राचे खास जिव्हाळ्याचे नाते आहे, असे वाक्य घातले. परदेशी स्थायिक नागरिकाला डॉलच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, वकिलातीतील अधिकाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर. बोस्टन आणि सिडनीच्या आयरिशांना हे अन्यायाचे वाटते, आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपुरता तरी हक्क द्यावा ही त्यांची मागणी बरीच जुनी आहे. राष्ट्राध्यक्षपद तिथे बहुतांशी मानाचे असल्यामुळे तेवढे द्यायला माझी हरकत नाही. डॉलचे मत मात्र जो तिथला कर भरतो, तिथल्या दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो आणि चुकीच्या सरकारची फळे पाच वर्षे चाखतो, त्याच्याचकडे राहावे, असे मला वाटते.